महायुद्धातले ट्रक आणि आपलं टेबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात रविवारी आमचा चार-सहा जणांचा खेळ जमतो. सहा बाय चारचं टेबल, दुसऱ्या महायुद्धातली बोटभर उंचीची सैन्यं, फासे आणि मोजपट्टी. बघायला येणारे आणि जालना, परभणी, लातूरहून फोन करणारे साधारण तेच ते विचारतात. रणगाड्यांबद्दल माहितीचा तोटा नाही. म्हणून इथे फक्त ट्रक, म्हणजे संचातून जोडायचे आणि रंगवायचे त्यांचे प्लास्टिकचे नमुने.

रणगाडा सोडून ट्रकवर पैसे का घालवायचे?

कारण ट्रक आला नाही तर रणगाडा जागच्या जागी बसतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा शहर होतं तिथेच होतं, फक्त पुरवठा तुटला होता.

1944 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्याची गत अशीच झाली. सैन्य इतक्या वेगानं पुढे गेलं की पेट्रोल आणि दारूगोळा मागेच राहिला. रेल्वे तर बाँबफेकीत मोडलेली. मग 25 ऑगस्ट ते 16 नोव्हेंबर 1944 पर्यंत 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाची ट्रकची अखंड रांग चालवली गेली. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, आणि दोन्हींवर बाकी वाहतूक बंद. 29 ऑगस्टला जवळपास 6,000 गाड्यांनी एका दिवसात सुमारे 12,500 टन माल पोचवला. दुसऱ्या बाजूला जर्मन सैन्य. चित्रपटांत ते सगळं यंत्रावर चालणारं दिसतं, पण 1941 मध्ये रशियावर चढाई करताना त्यांच्याबरोबर 6 लाखांहून अधिक घोडे होते. ट्रक पुरेसे नव्हतेच.

खेळात म्हणाल, तर बहुतेक नियमांत ट्रक स्वस्तात मिळतो, एक तुकडी वाहतो आणि नुसत्या रायफलच्या गोळीनंही निकामी होऊ शकतो. म्हणूनच तो मजा आणतो. माणसं कुठे उतरवायची, लवकर उतरवून चालवायची की आणखी एक चाल धोका पत्करायचा, हा निर्णय रणगाडा चालवण्यापेक्षा अवघड आहे. माझ्या मते नवीन माणसानं पहिला संच ट्रकचाच घ्यावा. सपाट भाग जास्त, साखळीपट्ट्यांची कटकट नाही, आणि बिघडला तरी वर ताडपत्री टाकता येते.

पहिला ट्रक कोणता घ्यावा?

सैन्यावर अवलंबून.

अमेरिकन असेल तर जीएमसीचा अडीच टनी सीसीकेडब्ल्यू. सहाही चाकांना जोर असलेला हा ट्रक युद्धकाळात 5 लाखांहून अधिक संख्येनं बनला. इंग्रज, फ्रेंच, चिनी, सगळ्यांकडे गेला, त्यामुळे सैन्य बदललंत तरी तो वाया जात नाही. रेड बॉलचा ट्रक करणार असाल तर एक ध्यानात ठेवा: त्या मार्गावरचे साधारण तीन चतुर्थांश चालक आफ्रिकन-अमेरिकन होते. खोक्यावरच्या चित्रात काहीही असो, चालकाचा रंग त्याप्रमाणे द्या.

जर्मनांसाठी तीन टनी ओपेल ब्लिट्झ. त्याचा अर्धा पट्ट्यांवर चालणारा भाऊ 'माउल्टियर' रशियातल्या चिखलासाठी काढला होता. तोही संचात मिळतो.

रशियनांसाठी सुरुवातीच्या काळात झिस-5 आणि दीड टनी गाझ-एए. गाझ म्हणजे मुळात फोर्डचाच ट्रक, गोर्कीच्या कारखान्यात बनलेला. युद्धात माल वाचवण्यासाठी या गाड्या इतक्या साध्या करून टाकल्या की काहींना हेडलाइट एकच उरला आणि केबिन लाकडी झाली. तेव्हा संचात एकच हेडलाइट निघाला तर विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. 1943 नंतरच्या रशियनांना अमेरिकन स्टुडबेकर शोभतो, आणि त्याच्याच पाठीवर कात्युशा रॉकेटं चढवलेली असत.

इंग्रजांसाठी चपट्या तोंडाचा बेडफर्ड क्यूएल. भारतीय सैन्यासाठी काय, ते खाली वेगळं लिहिलं आहे.

1/72, 1/56, 1/100 हा काय घोळ आहे?

खरी लांबी भागिले तो आकडा. सीसीकेडब्ल्यू साधारण साडेसहा मीटरचा आहे. 1/72 मध्ये तो 9 सेंटीमीटर होतो, 1/56 मध्ये साडेअकरा, 1/100 मध्ये साडेसहा. 1/35 मध्ये साडेअठराच्या पुढे जातो. हा शेवटचा कपाटात ठेवायचा आकार. टेबलावर आणलात तर दोन ट्रकांत रस्ता अडतो.

28 मिलिमीटरच्या शिपायांबरोबर 1/56 घ्या. 15 मिलिमीटरवाल्यांनी 1/100. वाचवून खर्च करायचा असेल आणि जागा बेताची असेल तर 1/72. संच सगळ्यांत जास्त याच मापात मिळतात आणि त्या मानानं स्वस्तही पडतात. जुने इंग्रजी संच 1/76 चे असतात. 72 आणि 76 मधला फरक पाच-साडेपाच टक्के आहे, टेबलावर तो कळत नाही. 1/48 आणि 1/56 शेजारी उभे केले तर मात्र कळतो, त्यामुळे एका सैन्यात तरी सरमिसळ नको.

जत्रेत मिळणारा खेळण्यातला ट्रक चालेल का?

मोजून बघा. खऱ्या गाडीची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या आणि खेळण्याच्या लांबीनं भागा. ओपेल ब्लिट्झ सुमारे 602 सेंटीमीटर आहे. खेळणं साडेआठ सेंटीमीटरचं निघालं तर उत्तर सत्तरच्या जवळ येतं, म्हणजे 1/72 बरोबर खपून जाईल. चाकं मात्र हमखास मोठी असतात.

संच मिळतात कुठे?

मराठवाड्यात यासाठीचं खास दुकान शोधत फिरू नका. ऑनलाइन मागवा, नाहीतर पुण्या-मुंबईला कोणी जाणार असेल त्याच्याकडे यादी द्या. थेट परदेशातून मागवलं तर टपालखर्चावर सीमाशुल्कही बसू शकतं, ते आधी हिशोबात धरा. एअरफिक्सचे अनेक संच भारतातच बनले आहेत. खोक्याच्या कडेला 'मेड इन इंडिया' वाचून लोक चमकतात. 1/100 मध्ये झ्वेझ्दा या रशियन कंपनीचे ओपेल आणि झिस गोंद न लावता दाबून बसतात. शाळकरी मुलांसाठी ते उत्तम. 1/56 मध्ये रुबिकॉनचे ट्रक चांगले, पण खिसा सैल लागतो.

बाकीचं सामान गावातच मिळतं. गुलमंडी असो की लातूरची गंजगोलाई, स्टेशनरीच्या दुकानात ॲक्रिलिक रंग आणि ब्रश आहेत, हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर आणि एम-सील.

अवजारं काय लागतात? फेविक्विकनं काम भागेल का?

छोटा कटर, धारदार ब्लेड, 400 आणि 800 नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा. सुरुवातीला एवढंच.

गोंदाचं जरा समजून घ्या. हे संच पॉलिस्टायरिनचे असतात. मॉडेलसाठीचं प्लास्टिक सिमेंट या प्लास्टिकला किंचित विरघळवतं आणि दोन तुकडे खरोखर एक होतात. सुकायला वेळ घेतं, म्हणून तुकडा सरळ करायला सवड मिळते. फेविक्विक नुसतं चिकटवतं. क्षणात धरतं आणि आडवा झटका बसला की सुटतं. चेसिस, पाटे, आस यांना सिमेंटच. धातूचा किंवा रेझिनचा भाग असेल तिथेच फेविक्विक. नेलपॉलिश रिमूव्हर आणि एनसी थिनर मात्र जवळपासही ठेवू नका, फाळक्याची नक्षी लोण्यासारखी बसते.

काम सुरू करायच्या आधी सगळी फ्रेम, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा तिच्यावर राहिलेला असतो आणि रंग त्यावर धरत नाही. भाग फ्रेमपासून तोडताना मुळाशी कापू नका. थोडं दूर कापा, मग उरलेला ठिपका ब्लेडनं घ्या. स्टिअरिंगचा दांडा आणि आरशाची काडी हे सगळ्यांत आधी मोडणारे भाग. ते शेवटी तोडा.

सहा चाकांपैकी एक नेहमी हवेत राहतं. काय करू?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. उत्तर चाकांत नाही, चेसिसमध्ये आहे. दोन लांब पट्ट्या आणि आडवे तुकडे जोडताना चौकट जराशी पिळली जाते, डोळ्याला दिसत नाही. मागचे दोन आस बसवले की तो पीळ चाकापाशी उघडा पडतो.

म्हणून चेसिस काचेवर जोडा. जुन्या टेबलाची किंवा फोटोफ्रेमची काच चालते. शहाबादी फरशी सपाट दिसते, पण नसते. सिमेंट लावा, काचेवर ठेवा, वर एखादी जड डिक्शनरी ठेवा आणि रात्रभर विसरा. दुसऱ्या दिवशी आस आणि चाकं लावा, पण सिमेंट ओलं असतानाच गाडी पुन्हा काचेवर उभी करा आणि केबिनच्या टपावर बोटानं हलका दाब द्या. सहाही चाकं आपापली जागा शोधतात. मागची चाकं जोडीची असतात, म्हणजे सीसीकेडब्ल्यूला टायर एकूण दहा. आतलं टायर बाहेरच्या जोडीदारापेक्षा केसभरही खाली नको.

एवढं करून एखादं चाक तरंगलंच, तर बाकीच्यांच्या तळाला पॉलिश पेपरवर दोन-चार हात मारा. खरं टायरही वजनानं खाली चपटंच असतं.

समोरची काच पांढरी पडली. पुसून निघेल?

फेविक्विकच्या वाफेनं पडली असेल तर पुसून सहसा निघत नाही. काच साध्या पांढऱ्या फेविकॉलनं बसवा, सुकल्यावर तो पारदर्शक होतो. पांढरी पडलेली काच वाया घालवू नका. तिच्यावर धूळ रंगवा आणि वायपर फिरतो तेवढी कमान मोकळी सोडा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंगकाम होतं का?

होतं, पण घड्याळ बघून. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना दुपारी स्प्रे मारलात, तर रंगाचे कण हवेतच सुकतात आणि ट्रकवर रवा पसरल्यासारखा खरखरीत थर बसतो. सकाळी सात-साडेसातला, सावलीत, पातळ दोन हात मारा. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे प्रायमर वापरणार असाल तर आधी रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघा. पावसाळ्याच्या दमट दिवसात उलट त्रास, मॅट व्हार्निश पांढुरकं होतं. त्या आठवड्यात जोडकामच करा.

ब्रशवर ॲक्रिलिक रंग भराभर सुकतो. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढा. दुपारभर ओला राहतो.

आणखी एक, इकडचंच. बोअरचं पाणी रंगात घालू नका. आपल्या पाण्यातला क्षार सुकल्यावर गडद हिरव्यावर पांढरे डाग ठेवतो, आणि वॉश, म्हणजे खाचांत मुरवायचा पातळ रंग, दिलात तर प्रत्येक खाचेत चुना भरल्यासारखं दिसतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजवाल्याकडे मिळतं. एक बाटली खूप दिवस पुरते.

रंगाचं थोडक्यात: अमेरिकन ट्रक ऑलिव्ह ड्रॅब, बाजूला पांढरा पाचटोकी तारा. जर्मन फेब्रुवारी 1943 पर्यंत गडद करडा, त्यानंतर गडद पिवळा. रशियन हिरवा. इंग्रज युद्धाच्या मध्यात तपकिरी आणि 1944 पासून ऑलिव्ह. त्या तपकिरीवर काळे गोल ढग काढत, त्याला शिपाई 'मिकी माउस' म्हणत.

शेतातली माती लावली तर चालेल?

चालेल, पण कुठली लढाई आहे ते बघून. आपली काळी माती युक्रेनसाठी झकास आहे. तिथली जमीनही काळी आणि पावसाळ्यात तशीच पाय धरणारी. वाळवा, कापडातून चाळा, फेविकॉल आणि थोड्या रंगात कालवून मडगार्डच्या आत आणि पाट्यांवर थापा. सुकताना ती करडी पडते आणि तडकते. करडेपणावर पातळ तपकिरी हात फिरवा. तडे राहू द्या.

लिबियाच्या वाळवंटासाठी काळी माती नको, मुरूमही लाल पडतो. तिथे मुलतानी माती. कोरडीच, मऊ ब्रशनं, खालून वर. ती आजीच्या डब्यातून मिळते.

धूळ कुठे बसते आणि रंग कुठे उडतो, हे पुस्तकांपेक्षा मोंढ्यात जास्त कळतं. जालन्याच्या किंवा लातूरच्या मोंढ्यात लागलेल्या ट्रकजवळ दहा मिनिटं उभे राहा. रंग उडालेला दिसेल तो फाळक्याच्या वरच्या कडेवर, कड्या आपटतात तिथे, चालकाच्या पायरीवर आणि दाराच्या मुठीभोवती. बोनेटच्या मधोमध नाही. नवखे लोक सगळीकडे सारखा गंज लावतात आणि गाडी भंगारातली दिसते. 1944 मधला ट्रक बहुधा वर्ष-दोन वर्षांचा होता. मळलेला होता, कुजलेला नव्हता.

ताडपत्री आणि माल कसा करायचा?

संचातली प्लास्टिकची ताडपत्री फुगलेली आणि कडक दिसते. तिच्यावर टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून पसरा, कमानींच्या मधे बोटानं किंचित दाबा. सुताची गाठ बांधा. ताडपत्री हौद्याला चिकटवू मात्र नका. खेळात माणसं आत आहेत की उतरली, हे वर झाकण असणं-नसणं यावरून समोरच्याला न विचारता कळतं.

पोती एम-सीलची. छोटी गोळी, दोन्ही टोकांना चिमटी, वर जुन्या बनियनचं कापड दाबून विणीचा ठसा. दहा-पंधरा मिनिटांत करा, नंतर ते घट्ट होऊ लागतं. हौद्यात ओळीनं रचू नका. हमालानं टाकल्यासारखी पडू द्या.

भारतीय सैन्याचा ट्रक करायचा आहे. शक्तिमान घेऊ का?

महायुद्धासाठी नाही. शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून बनू लागला. 1965 आणि 1971 च्या लढायांना तो चपखल.

महायुद्धातल्या भारतीय तुकड्यांसाठी कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हरोले शोधा, ज्यांना सीएमपी म्हणतात. कॅनडानं त्या युद्धात 8 लाखांहून अधिक लष्करी वाहनं बनवली, त्यांतली पुष्कळशी हीच. आखूड नाकावरून ओळखू येतात. नंतरच्या केबिनची समोरची काच वरच्या कडेनं पुढे झुकलेली असते, आकाशाची चमक परावर्तित होऊ नये म्हणून. स्टिअरिंग उजवीकडे. चौथ्या भारतीय डिव्हिजनची खूण काळ्यावर लाल गरुड, पाचवीची काळ्यावर लाल गोळा, सतराव्या डिव्हिजनची काळी मांजर. गरुड हातानं काढणं जड जातं. लाल गोळा टूथपिकच्या टोकानं होतो, म्हणून आमच्या टेबलावर पाचवी डिव्हिजनच जास्त दिसते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी करायची असेल तर इटली घ्या. यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या आणि नामदेव जाधव यांना सेनिओ नदीवरच्या 9 एप्रिल 1945 च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोन्ही इटलीतच. जाधव हे अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे आपले शेजारी.

मराठवाड्यातलीच एखादी लढाई खेळता येईल का?

येईल, आणि ट्रकवाल्यांसाठी ती खास आहे. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं, तेव्हा पहिला महत्त्वाचा टप्पा नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल होता. तो उडवला गेला असता तर मागचा सगळा ताफा अलीकडेच अडकला असता. तो शाबूत हाती आला आणि पुढच्या तुकड्या वाहनांतून उमरग्याकडे निघाल्या. 17 तारखेला निजामानं युद्धबंदी जाहीर केली आणि 18 तारखेला त्याच्या सैन्यानं शरणागती दिली. गाड्या महायुद्धातल्याच, रणगाडे शर्मन आणि स्टुअर्ट. म्हणजे नवीन काही घ्यावं लागत नाही.

आम्ही असं खेळतो: भारतीय बाजूचं यश ट्रक मोजून ठरतं, मारलेले शत्रू मोजून नाही. सहाव्या फेरीअखेर पुलापलीकडे किती ट्रक गेले, एवढंच. बचाव करणाऱ्याला पूल उडवायला सलग दोन फेऱ्या सुरुंगवाले पुलावर टिकवावे लागतात. ही अट आमची, इतिहासातली नव्हे. गावात कोणाच्या आजोबांनी त्या दिवसांची झळ सोसलेली असते, त्यामुळे टेबलावर रझाकार-रझाकार करून आरडाओरडा आम्ही चालू देत नाही.

खरी जुनी गाडी जवळपास कुठे बघायला मिळेल?

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय. संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे भर रणगाडे आणि चिलखती गाड्यांवर आहे, पण लष्करी रंगाची जाडी, बोल्टची डोकी, ओढायचे हूक हे सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. छायाचित्रं काढायच्या आधी दारावर विचारा.

मुलगा नववीत आहे. हे वेड लावावं का?

ब्लेड हातात देण्याइतका सावध असेल तर हो. सिमेंट आणि स्प्रे वापरताना खिडकी उघडी हवी. अभ्यासाचं आई-बाबांनी बघावं.

तयार ट्रक ठेवायचे आणि न्यायचे कसे?

मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका, तळाला फोम, फोममध्ये चाकांपुरत्या खाचा. कापसात गुंडाळू नका, आरसे अडकून मोडतात. एसटीनं जाताना खोका मांडीवर, वरच्या रॅकवर नाही. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर उन्हात बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. पॉलिस्टायरिन मऊ पडायला 100 अंशांच्या आसपासची उष्णता लागते, पण मे महिन्यात डॅशबोर्डवर पातळ आस आणि फाळके त्याच्या बरेच आधी वाकू शकतात. वाकलेच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात थोडा वेळ धरा, काचेवर सरळ दाबा आणि लगेच गार पाण्यात टाका.